भुतं पकडणाऱ्या चौघी

एरवी या वेळेला आपण शेळ्यांचं लसीकरण, गटाचं व्याज, नाहीतर मुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म अशा विषयांवर बोलतो. आज बोलायचंय एका विनोदी सिनेमाबद्दल. सिनेमा अमेरिकेतला आहे, नाव ‘घोस्टबस्टर्स’, साल २०१६. ‘घोस्टबस्टर्स’ म्हणजे भुतं पकडणारे. हा सिनेमा थिएटरात यायच्या आधीच त्यावरून इंटरनेटवर मोठं भांडण पेटलं. त्या भांडणाचं मोठं कारण हे की या सिनेमात भुतं पकडायला चार बायका निघाल्या होत्या. हे भांडण नीट समजून घेतलं तर आपल्या गावातल्याही काही गोष्टी उलगडतात, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

जुना सिनेमा आणि नवा सिनेमा

मूळ ‘घोस्टबस्टर्स’ आला १९८४ साली. दिग्दर्शक होते इव्हान राइटमन. गोष्ट न्यूयॉर्क शहरातली. विद्यापीठातून हाकललेले तीन शास्त्रज्ञ भुतं पकडायचा धंदा काढतात. आपल्याकडे घरात साप निघाला की सर्पमित्राला फोन करतात, तसं तिथं भूत निघालं की यांना फोन. पाठीवर आपल्या फवारणीच्या पंपासारखं एक यंत्र, त्यातून किरणांचा झोत मारायचा आणि भूत पेटीत कोंडायचं. पुढे काम वाढतं तेव्हा ते चौथा माणूस पगारावर ठेवतात. बिल मरे, डॅन अ‍ॅक्रॉइड, हॅरॉल्ड रॅमिस आणि अर्नी हडसन हे ते चार नट. सिनेमा तुफान चालला. १९८९ साली दुसरा भाग आला, कार्टून आलं, खेळणी आली. अमेरिकेतली एक सबंध पिढी त्यावर वाढली.

त्या जुन्या सिनेमात बायका होत्या, नाही असं नाही. एकीच्या अंगात भूत शिरतं आणि दुसरी ऑफिसात फोन उचलते. यंत्र पाठीवर घेतात ते पुरुष.

२०१६ साली आला तो त्याचा ‘रीबूट’. हा शब्द समजून घेऊ. मोबाइल अडकला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो, त्याला रीबूट म्हणतात. सिनेमातलंही तसंच. जुनी कल्पना घ्यायची, पण जुनी गोष्ट पुढे न नेता पहिल्यापासून नव्यानं सुरुवात करायची. पुढचा भाग म्हणजे त्याच माणसांचं पुढे काय झालं ते. रीमेक म्हणजे बहुतेक तीच गोष्ट पुन्हा. रीबूटमध्ये घर तेच, पण माणसं नवी राहायला येतात.

या नव्या घरात दिग्दर्शक पॉल फीग यांनी चार नट्या आणल्या: मेलिसा मॅकार्थी, क्रिस्टन विग, केट मॅकिनन आणि लेस्ली जोन्स. चौघीही विनोदी कामांत मुरलेल्या. आणि फोन उचलायला बसवला एक देखणा पुरुष, क्रिस हेम्सवर्थ. हातोडा घेऊन लढणारा ‘थॉर’ तुमच्या पोरांनी पाहिला असेल, तोच हा.

गोष्ट थोडक्यात

एरिन ही मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते. तिची नोकरी आता कायम व्हायच्या बेतात आहे. लहान असताना तिनं शेजारच्या मेलेल्या म्हातारीचं भूत वर्षभर रोज रात्री पाहिलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही, पोरांनी चिडवलं. विश्वास ठेवला तो एकट्या अ‍ॅबीनं. पुढे दोघींनी मिळून भुतांवर पुस्तक लिहिलं, पण नोकरीसाठी एरिननं त्या पुस्तकाशी आणि मैत्रिणीशी नातं तोडलं. आता ते पुस्तक पुन्हा विकायला आलंय आणि त्यानं तिची नोकरी धोक्यात आली. शेवटी नोकरी जातेच. मग एरिन, अ‍ॅबी आणि यंत्रं बनवणारी होल्टझमन अशा तिघी काम सुरू करतात. चौथी पॅटी. ती भुयारी रेल्वेच्या स्टेशनात तिकीटखिडकीवर बसणारी. तिला बोगद्यात भूत दिसतं आणि ती स्वतःच येऊन म्हणते, मला तुमच्यात घ्या.

खलनायक आहे एका हॉटेलात साफसफाई करणारा रोवन. हुशार, पण जगानं आपल्याला हिणवलं म्हणून सगळ्या जगाचा सूड घ्यायला निघालेला. तो शहरावर भुतं सोडायचं यंत्र बनवतो. अ‍ॅबी त्याला समजवायला बघते. लोक आम्हालाही रोजच हिणवतात, असं ती साधेपणानं सांगते. अपमान दोन्हीकडे आहे. त्यानं जग जाळायचं ठरवलं, या कामाला लागल्या.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. भुतं ही गोष्टीपुरती. कुणी बाई सारखी गप्प राहत असेल, झोपत नसेल, घुमत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्यायचं, मांत्रिकाकडे नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे.

आम्हाला काय वाटलं

आम्ही केंद्रातल्या जणींनी हा सिनेमा एकत्र बसून पाहिला. संवाद इंग्रजीत, म्हणून आमच्यातली एक जण मधेमधे थांबवून मराठीत सांगत होती. विनोद असा थांबवून सांगितला की निम्मा थंड होतो, तरी आम्ही पुष्कळ हसलो.

सगळ्यात जास्त हसू आलं ते केविनवर, म्हणजे त्या देखण्या फोनवाल्यावर. चष्म्याच्या काचा मळतात म्हणून त्यानं काचाच काढून टाकल्यात. त्याला धड फोन उचलता येत नाही. तरी दिसायला छान म्हणून एरिन त्याला कामावर ठेवते आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसते. इथं आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाली, साहेबानं ऑफिसातल्या पोरीकडे असं बघितलं असतं तर आपण हसलो असतो का? प्रश्न बरोबर आहे. यातली विनोदाची रीत उलटं करून दाखवायची आहे. देखणी पण बिनडोक पोरगी, आणि तिच्याकडे बघणारे पुरुष, हे आपण इतक्या सिनेमांत पाहिलंय की आता डोळ्याला टोचत नाही. बाईच्या जागी पुरुष बसवला की लगेच दिसतं, की अरे, हे किती विचित्र आहे. आमचं बोलणं या ठिकाणी येऊन थांबलं: विनोदानं दाखवलं ते चांगलं, पण पुरुषांनी केलेली चूक बायकांनी केली म्हणून ती बरोबर ठरत नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे यात कुणाचं लग्न नाही. चौघी एका पुरुषावरून एकमेकींशी भांडत नाहीत. कुणी बारीक होत नाही, कुणाला नटवून सुंदर करत नाहीत. त्या काम करतात, चुकतात, पुन्हा यंत्र दुरुस्त करतात, जेवणावरून कुरकुरतात. अ‍ॅबी सूप मागवते आणि त्यात दरवेळी एखादाच वाँटन असतो. आपल्याकडे गोळ्याच्या आमटीत एकच गोळा यावा, तसं. शेवटी अ‍ॅबी भुतांच्या जगात ओढली जाते तेव्हा एरिन कमरेला दोर बांधून तिच्यामागे उडी मारते. ज्या मैत्रिणीला नोकरीसाठी सोडलं होतं, तिला आणायला ती जाते. दोघी परत येतात त्या केस पांढरे होऊन. आमच्यातल्या दोघी इथं हसता हसता डोळे पुसत होत्या.

तिसरी गोष्ट पॅटीची. तिघी शिकलेल्या, पॅटीकडे डिग्री नाही. पण शहराची माहिती तिला आहे. कुठली इमारत कधीची, तिथं पूर्वी काय घडलं, हे ती सांगते. काकांची मढं वाहून न्यायची गाडीही तीच आणते, आणि पुढे तीच सगळ्यांची गाडी होते. आपल्या गावात कुठल्या ओढ्याला कधी पूर येतो, कुठल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, हे सांगणाऱ्या बाईला कुणी तज्ज्ञ म्हणत नाही. ते ज्ञानच असतं.

पण इथंच एक खटकलंसुद्धा. तिघी गोऱ्या बायका शास्त्रज्ञ आणि काळी बाई तेवढी तिकीटखिडकीवर, असं का? हा प्रश्न अमेरिकेतही पुष्कळांनी विचारला. जुन्या सिनेमातही चौथा, पगारावर आलेला माणूस काळाच होता. बत्तीस वर्षांनी पुरुषांच्या जागी बायका आल्या, ती खुर्ची मात्र तशीच राहिली. एक दार उघडलं म्हणजे सगळी दारं उघडली असं होत नाही.

आणखी काही गोष्टी आवडल्या नाहीत. काही विनोद ताणलेत. जुन्या सिनेमातले नट मधेच येऊन तोंड दाखवून जातात, तेव्हा गोष्ट थांबते. शेवटची मारामारी लांबते. एकूण आमचं मत असं: बरा सिनेमा आहे, दोन घटका मजेत जातात. फार थोर नाही, फार वाईटही नाही.

मग एवढं भांडण कशाचं?

सिनेमा अमेरिकेत लागला १५ जुलै २०१६ ला. त्याची जाहिरात, म्हणजे ट्रेलर, आला मार्च महिन्यात. लाखो लोकांनी यूट्यूबवर त्याला नापसंतीचा अंगठा दिला. सिनेमांच्या ट्रेलरमध्ये इतकी नापसंती तोवर कुणाला मिळाली नव्हती. सिनेमा कुणी पाहिलेला नव्हता.

यात सगळेच बायकांचे वैरी होते असं आम्ही म्हणणार नाही. काहींना जुना सिनेमा जिवापाड प्रिय होता आणि त्याला कुणी हातच लावू नये असं त्यांना वाटत होतं. ट्रेलरमधले विनोद काहींना खरंच फिके वाटले. हे मत असू शकतं. पण त्याच्या जोडीनं दुसराच गलका होता: बायकांना विनोद जमत नाही, बायका कसली भुतं पकडणार, आमचं लहानपण यांनी नासवलं. गंमत म्हणजे सिनेमातही चौघी आपला व्हिडिओ टाकतात आणि त्याखाली लोकांनी लिहिलेलं असंच काहीबाही वाचतात. तिथलं महापौरांचं ऑफिसही तसंच. खाजगीत सांगतात, तुमचं खरं आहे, काम चालू ठेवा. चारचौघांत जाहीर करतात, या बायका थापाड्या आहेत. खाजगीत शाबासकी आणि सभेत टोमणा, हे आपल्याला काही नवीन नाही.

सगळ्यात वाईट वागणूक मिळाली ती पॅटीचं काम करणाऱ्या लेस्ली जोन्सना. सिनेमा लागल्यावर ट्विटरवर त्यांच्या रंगावरून, दिसण्यावरून घाणेरड्या शिव्यांचा भडिमार झाला. त्या शिव्या त्यांनी सगळ्यांना उघड दाखवल्या आणि काही काळ ट्विटर सोडलं. मग कंपनीनं या छळाला चिथावणी देणाऱ्या एका माणसाला कायमचं बंद केलं. पुढच्याच महिन्यात कुणीतरी त्यांच्या वेबसाइटमध्ये घुसून त्यांचे खाजगी फोटो आणि कागदपत्रं तिथं टाकली. एका विनोदी सिनेमात काम केल्याची ही किंमत. लेस्ली जोन्स मात्र पुन्हा उभ्या राहिल्या आणि आजही लोकांना हसवतात.

पैशांचा हिशेब

सिनेमा पडला, असं म्हणतात. खरं आहे का? हिशेब मांडू. सिनेमा करायला साधारण १४.४ कोटी डॉलर लागले. त्या वेळच्या भावानं साडेनऊशे कोटी रुपयांच्या वर. जगभर तिकिटं विकली गेली जवळजवळ २२.९ कोटी डॉलरची. मग फायदा झाला की! पण आपल्या गटातल्या बायकांना हे सांगायला नको, की विक्री म्हणजे नफा नव्हे. दहा हजारांचे पापड विकले तर त्यातून डाळ, मसाला, मजुरी आणि दुकानदाराचं कमिशन जातं. सिनेमाचंही तसंच. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा थिएटरवाल्याकडे राहतो. म्हणजे हातात आले साडेअकरा कोटींच्या आसपास. खर्चच १४.४ कोटी, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणून तोटा.

आता दुसरा हिशेब बघा. याच पॉल फीग यांनी २०११ साली ‘ब्राइड्समेड्स’ नावाचा विनोदी सिनेमा केला होता. त्यातही बायकाच पुढे होत्या. क्रिस्टन विग आणि मेलिसा मॅकार्थी त्यातही होत्या. त्याला खर्च आला ३.२५ कोटी डॉलर आणि तिकिटं विकली गेली २८ कोटींच्या वर. २०१८ साली ‘ओशन्स एट’ आला. पुरुष चोरांच्या टोळीवरचे सिनेमे आधी गाजले होते, यात टोळी बायकांची. खर्च ७ कोटी, विक्री २९ कोटींच्या वर. तीन सिनेमे, तिन्हींत बायका पुढे. दोन चालले, एक पडला. जो पडला त्याचा खर्च ‘ब्राइड्समेड्स’च्या चौपटीहून जास्त होता. एवढा खर्च भरून काढायला फार मोठी विक्री लागते, मग पडद्यावर बाई असो की पुरुष.

आपल्याकडचंच बघा. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. बायका गट करकरून थिएटरात गेल्या आणि तो सिनेमा त्या वर्षीच्या सर्वात जास्त चाललेल्या मराठी सिनेमांत गेला. बायकांचा सिनेमा चालत नाही, या बोलण्याला आकडे साथ देत नाहीत.

तरी २०१६ च्या त्या चौघींना दुसरा सिनेमा मिळाला नाही. पुढे २०२१ साली जो ‘घोस्टबस्टर्स’ आला, तो जुन्या सिनेमाच्या दिग्दर्शकांचे चिरंजीव जेसन राइटमन यांनी केला. त्यात जुनी गोष्ट पुढे चालू केली आणि या चौघींची गोष्ट तिथंच राहिली. त्या सिनेमातही भुतं पकडायला एक मुलगीच पुढे असते. तिच्यावरून तेवढा गदारोळ झाला नाही. ती जुन्या चौघांपैकी एकाची नात दाखवलीय. आम्हाला वाटतं, यातही एक गोष्ट लपलीय. आजोबांचा वारसा घेऊन आलेली मुलगी लोकांना चालली. स्वतःच्या हिमतीवर आलेल्या चौघी चालल्या नाहीत. कुणाची तरी सून, कुणाची तरी पत्नी म्हणून निवडणुकीला उभी राहिलेली बाई आणि स्वतः अर्ज भरलेली बाई, या दोघींकडे गाव कसं बघतं, ते आठवून बघा.

तीन प्रश्नांची चाळणी

पुरुषांचे कितीतरी विनोदी सिनेमे दरवर्षी पडतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की पुरुषांना विनोद जमत नाही. तो एक सिनेमा पडला, एवढंच. बायकांचा एक सिनेमा पडला की सगळ्या बायका नापास. एका सरपंच बाईकडून हिशेबात चूक झाली की ‘बायकांना कारभार जमत नाही’. एका गटाचं कर्ज थकलं की ‘बायकांच्या हातात पैसा देऊ नये’. एका बाईचा ट्रॅक्टर बांधावर चढला की सगळ्या बायकांचं ड्रायव्हिंग वाईट.

यातून आपणही एक उलटी चूक करतो. बायकांचं काम म्हणून ते चांगलंच म्हणायचं, असं ठरवून टाकतो. तसं करायची गरज नाही. घोस्टबस्टर्समधले काही विनोद फसलेत, हे आम्ही सांगितलं. गटातल्या मैत्रिणीचं लोणचं खारट झालं तर तिला सांगायलाच हवं, नाहीतर पुढची खेपही खारट होईल. टीका आणि हिणवणं यांत फरक आहे, तो ओळखता आला पाहिजे.

त्यासाठी तीन प्रश्न विचारायचे. बोलणाऱ्यानं काम बघितलंय का, की न बघताच बोलतोय? तो एका कामाबद्दल बोलतोय, की सगळ्या बायकांबद्दल? आणि हेच काम पुरुषानं केलं असतं तर तो हेच बोलला असता का? या चाळणीतून जे खाली येईल ते नीट ऐकून घ्यायचं, त्यात आपला फायदा आहे. जे वर राहील तो कोंडा. तो मनाला लावून घ्यायचा नाही आणि त्याच्यासाठी काम थांबवायचं नाही. मात्र कोंड्याच्या नावाखाली कुणी धमकी देत असेल, फोटो पसरवत असेल, तर ती नुसती टीका राहिली नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या नंबरवर, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी सोबत घ्या.

पुढच्या बैठकीत वसुली आटोपली की पंधरा मिनिटं यावर बोला. आपल्या गटाच्या कुठल्या कामाला गावात नावं ठेवली गेली? त्यातलं चाळणीतून खाली काय आलं आणि वर काय राहिलं? एखाद्या मैत्रिणीची पहिली खेप फसली म्हणून आपणच तिला दुसरी संधी नाकारली आहे का? याही प्रश्नाचं उत्तर शोधा आणि केंद्रात येऊन आम्हाला सांगा. तुमच्या आवाजात ते पुढच्या महिन्यात ऐकवू.